आधी डबा, मग सिगार: कोल्हापुरात सिगार ठेवणं, घेणं आणि कापणं

निपाणीचे माझे मामा तंबाखूच्या वखारीत कामाला होते. मी पहिली चांगली सिगार त्यांना दाखवायला नेली, तेव्हा त्यांनी ती नाकाला लावली नाही, कानाला लावली. दोन बोटांत धरून हलकेच दाबली आणि फिरवली. आतून कुरकुर असा बारीक आवाज आला. "ह्येला वारं लागलंय," मामा म्हणाले. "पाला वाजाय लागला की समजायचं, जीव गेला त्येचा."

बिडीची तंबाखू वेगळी आणि सिगारची वेगळी, पण पानातल्या ओलाव्याचा हिशेब दोन्हीकडे एकच. वाळवलेला पाला शेतातून गोळा करायचा तोही पहाटेच्या दंवात, मऊ असताना. ऊन चढल्यावर हात लावला की चुरा होतो. ती सिगार मी मुंबईहून आणली होती आणि एप्रिलचा अख्खा महिना कपाटाच्या खणात ठेवली होती. दुकानातून निघाली तेव्हा ती उत्तम होती. खणात ठेवून मी ती वाया घालवली.

म्हणून नवीन माणसानं मला विचारलं, "सुरुवात कुठून करू?" तर माझं उत्तर ठरलेलं आहे: खरेदीपासून नको, साठवणीपासून करा. आधी डबा तयार ठेवा, त्यातली हवा पंधरा दिवस तपासा, आणि मगच पहिली सिगार विकत घ्या. हा लेखही त्याच क्रमानं लिहिला आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. ही तंबाखू आहे. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत हे खरं, पण तोंड, घसा आणि अन्ननलिकेचा कर्करोग त्यामुळे टळत नाही, आणि निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनही शरीरात जातं. एका मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. ज्यांना तंबाखूची सवय नाही त्यांनी हा लेख वाचून ती लावून घेऊ नये, अशी माझी मनापासून विनंती आहे. ज्यांनी ठरवलंच आहे, जे सज्ञान आहेत आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादी नीट बसून ओढतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कायद्यानं अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकता येत नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे. त्यामुळे रंकाळ्याच्या काठावर किंवा पन्हाळ्याच्या तटावर बसून सिगार ओढायची कल्पना कितीही छान वाटली तरी ती सोडून द्या. घराची गच्ची, शेतातलं घर, आणि तिथंही लहान मुलं आसपास नसताना.

हातात आहे ते काय आहे

आपल्याकडे जुनी माणसं सिगारला चिरूट म्हणतात. हा शब्द तमिळमधल्या 'सुरुट्टु'वरून, म्हणजे गुंडाळलेल्या वस्तूवरून आला. तिरुचिरापल्लीचे चिरूट इंग्रजांच्या काळात थेट लंडनपर्यंत जात. चिरूटाची दोन्ही टोकं कापलेली, उघडी असतात. आज आपण जिला सिगार म्हणतो तिचं एक टोक पानाच्या टोपीनं बंद असतं. लेखाच्या शेवटी कापण्याचा जो खटाटोप येतो तो या टोपीचाच.

हातानं वळलेल्या सिगारचे तीन भाग असतात. आतलं पोट, म्हणजे फिलर. त्याला बांधून ठेवणारं पान, म्हणजे बाइंडर. आणि वरचं देखणं पान, म्हणजे रॅपर. चांगल्या सिगारच्या पोटात टोकापासून टोकापर्यंत जाणारी अखंड पानं दुमडून घातलेली असतात, त्याला लाँग फिलर म्हणतात. स्वस्त किंवा यंत्रानं बनवलेल्या सिगारमध्ये तुकडे आणि चुरा असतो. झाडाच्या शेंड्याकडचं पान सर्वांत कडक, त्याला स्पॅनिशमध्ये लिहेरो म्हणतात, आणि खालचं पान सौम्य. ज्याच्या घरी तंबाखूचं शेत होतं त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. रॅपरचा रंग काळपट असला की सिगार कडक, हा समज मात्र चुकीचा. माडुरो म्हणून जे गडद रॅपर मिळतं ते जास्त काळ मुरवल्यानं काळं झालेलं असतं, आणि पुष्कळदा चवीला गोडसर असतं.

जाडी 'रिंग गेज'मध्ये मोजतात. एक रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. पाच इंच लांब आणि ५० रिंगची ती रोबुस्टो, म्हणजे जाडी जवळजवळ २० मिलिमीटर. साडेपाच इंच, ४२ रिंगची ती कोरोना. रोबुस्टो ओढायला पाऊण तास ते तास लागतो.

डबा

पुस्तकी नियम असा: हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तापमान १८ ते २१ अंश. हा नियम थंड देशांत लिहिला गेला आहे. आपल्या घरात वर्षातले आठ-नऊ महिने २१ अंश मिळतच नाहीत. उष्णता जास्त असेल तिथं आर्द्रता थोडी कमी ठेवायची, कारण उष्ण आणि ओलं एकत्र आलं की बुरशी आणि कीड दोन्ही येतात. माझ्या अनुभवात कोल्हापूरसाठी ६५ हाच आकडा योग्य. बहात्तरचा नाद करू नका.

नवीन माणूस थेट पॉलिश केलेला लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारी ठेवायची खास पेटी, घ्यायला जातो. दिसायला तो फार सुंदर असतो, पण पहिल्या वर्षी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. स्वस्त ह्युमिडॉरचं झाकण घट्ट बसत नाही, आणि आषाढात बाहेरची हवा ९० टक्क्यांवर गेली की आतलीही तिच्यामागं जाते. त्याऐवजी स्वयंपाकघरात वापरतात तो रबरी कडेचा, चारी बाजूंनी क्लिपा असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या. नवीन डबा धुवून, उघडा ठेवून, प्लास्टिकचा वास पूर्ण जाईपर्यंत चार-सहा दिवस वाट बघा. मसाल्यासाठी वापरलेला डबा कितीही घासला तरी चालणार नाही. आमच्या घरच्या कांदा-लसूण मसाल्याचा वास सिगारच्या पानानं एका आठवड्यात ओढून घेतला होता. डांबराच्या गोळ्या, उदबत्ती, अत्तर यांच्या शेजारीही डबा नको. तंबाखूचं पान आसपासचे सगळे वास पितं.

डब्यात दोन गोष्टी हव्यात. पहिली, डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र. दुसरी, दोन्ही बाजूंनी काम करणारी आर्द्रतेची पुडी. 'बोव्हेडा' या नावाची प्रसिद्ध आहे, ऑनलाइन मिळते, आणि तिच्यावर ६५, ६९, ७२ असा आकडा छापलेला असतो. हवा कोरडी असेल तर ती ओलावा सोडते, दमट असेल तर शोषते. साठ ग्रॅमची एक पुडी पंचवीस सिगारींच्या डब्याला पुरते. ओला स्पंज, पाण्याची वाटी, बटाट्याची फोड असले उपाय कुणी सांगितले तर करू नका. ते ओलावा देतात, पण थांबत नाहीत. नळाच्या पाण्यानं तर बुरशीला आमंत्रणच.

हायग्रोमीटरवर लगेच विश्वास ठेवायचा नाही. त्याची मिठाची चाचणी घ्यायची. बाटलीच्या टोपणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. विरघळू द्यायचं नाही. टोपण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. पिशवीतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हा मिठाचा गुणधर्मच आहे. सकाळी यंत्र ७१ दाखवत असेल तर ते चार अंकांनी कमी सांगतं असं समजायचं आणि यंत्राच्या पाठीवर पेनानं '+४' लिहून ठेवायचं. माझ्याकडच्या तीन यंत्रांपैकी एकही अचूक नाही, पण तिघांचीही चूक मला माहीत आहे आणि तेवढं पुरतं.

आता लाकूड. सिगारच्या पेट्या ज्या लाकडाच्या असतात त्याला स्पॅनिश सीडर म्हणतात. नावात सीडर असलं तरी ते देवदाराच्या जातीचं नाही. ते कडुनिंबाच्या कुळातलं झाड आहे, आपल्याकडच्या तून वृक्षाचं भावंड. हे सांगायचं कारण असं, की सुताराला "सीडरची पेटी कर" म्हटलं की तो देवदार समजतो, आणि देवदाराच्या लाकडाला तेलाचा उग्र वास असतो. मला स्वतःला एका सुतारानं मोठ्या हौसेनं देवदाराची पेटी करून दिली होती. दिसायला अप्रतिम, पण त्यात ठेवलेली प्रत्येक सिगार चवीला टर्पेंटाइनसारखी लागायची. ती पेटी आता पत्रं ठेवायला वापरतो. प्लास्टिकच्या डब्यात लाकूड हवंच असेल तर सिगारच्या रिकाम्या पेटीतल्या पातळ फळ्या तळाला अंथरा. दुकानदार अशा पेट्या पुष्कळदा फुकट देतात.

पुढे कधी लाकडी ह्युमिडॉर घेतलात तर त्यात लगेच सिगार ठेवू नका. कोरडं लाकूड आधी स्वतः पाणी पितं, आणि ते तुमच्या सिगारींतूनच पितं. ८४ टक्क्यांची पुडी ठेवून दोन आठवडे झाकण बंद राहू द्या, मग ती काढून ६५ची ठेवा.

डबा गच्च भरू नका, चौथा हिस्सा रिकामा ठेवा. सिगारवरचा सेलोफेन राहू द्यायचा की काढायचा यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. सेलोफेनमधून ओलावा जातो-येतो, त्यामुळे काढला नाही तरी सिगार मुरते. आपल्या हवेत मी काढत नाही, कारण एका सिगारला बुरशी लागली तर ती शेजारणीला पटकन लागत नाही.

कोल्हापूरचं वर्ष आणि डब्याचं वर्ष

ऋतूप्रमाणे डबा सांभाळायची सवय मला पुस्तकातून लागली नाही, डब्यापाशी बसून लागली. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या सुमारास दुपारचा पारा ३७-३८ला टेकतो आणि हवा कोरडी असते. त्या दिवसांत डबा माळ्यावर किंवा पत्र्याखाली नको. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातही नको. तळमजल्यावरची आतली खोली, जिथं आजी आंबे पिकायला घालायची तशी, ती सर्वांत चांगली. पुडी दर आठवड्याला बोटांनी दाबून बघा. ती मऊ असली पाहिजे. आत कडक खडे लागले की तिचं पाणी संपलं, नवीन घाला.

वळीव पडून गेला की दोन दिवस आकडे वर-खाली होतात, त्याची काळजी नको.

मग मृग, आर्द्रा, आणि राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी. त्या दिवसापासून मी डबा उघडणं कमी करतो, आठवड्यातून एकदा, तेही दुपारी पाऊस उघडला असताना. घरात पापड सादळतो आणि गुळाला पाणी सुटतं, तेव्हा बाहेरची हवा सिगारला कधीच चांगली नसते. या काळात पुडी ओलावा शोषून फुगते. फार फुगली तर एक जादा ६५ची पुडी घाला. बुटाच्या खोक्यात मिळणारी सिलिका जेलची पाकिटं टाकायचा मोह होतो, मीही टाकली होती. ती कुठं थांबायचं हे जाणत नाहीत. चार दिवसांत डबा ५० टक्क्यांवर आला आणि दोन सिगारींची रॅपर उभी तडकली.

नवरात्र संपल्यावर ऑक्टोबरचं ऊन येतं, तिथं पुन्हा चैत्रासारखंच लक्ष. आणि दिवाळीपासून माघ संपेपर्यंत आपली हवा इतकी छान असते की नवीन सिगारी घ्यायच्या तर याच दिवसांत घ्याव्यात. कुरिअरच्या गाडीत दोन दिवस तापून आलेली सिगार मे महिन्यात घेण्यात अर्थ नाही.

फ्रिजमध्ये ठेवली तर? नको. फ्रिजची हवा कोरडी असते आणि त्यात काल रात्रीच्या रश्श्याचा वास असतो.

फ्रीजरचा उपयोग मात्र एका कामासाठी आहे. तंबाखूत एक बारीक तपकिरी किडा होतो, मामांच्या वखारीतही त्यांचा जन्माचा वैरी तोच. त्याची अंडी पानात आधीपासून असू शकतात, आणि तापमान पंचविशीच्या वर राहिलं की ती फुटायचा धोका वाढतो. सिगारवर टाचणीनं पाडल्यासारखं गोल भोक आणि खाली भुकटी दिसली तर तो आलाय असं समजा. भोक पडलेली टाकून द्या. बाकीच्या दोन झिप पिशव्यांत एकात एक बंद करा, एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये, मग चार दिवस फ्रीजरमध्ये, पुन्हा एक दिवस खाली, आणि मग खोलीत आणा. पायऱ्या गाळल्या तर रॅपर फाटतं. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं. डबा पुसून, वाळवून घ्या.

पांढरी बुरशी ओळखणं सोपं आहे: कापसासारखी, उंच, ठिपक्या-ठिपक्यांत, कुबट वासाची. "ही बुरशी नव्हे, मुरल्याची खूण आहे" असं सांगून विकणारे भेटतात. लव दिसली की मी ती बुरशीच धरतो. वरच्या पानावर नुकतीच आलेली एखादी ठिपकी असेल तर कोरड्या कापडानं पुसून ती सिगार वेगळी ठेवा. पेटवायच्या टोकाशी, आतल्या पानांत शिरली असेल तर फेकून द्या. जीव रमवायला घेतलेल्या वस्तूनं आजारी पडू नये.

खरेदी: एक, मग पाच, पेटी नंतर

पानपट्टीच्या काचेच्या कपाटात, पिवळ्या दिव्याखाली वर्षभर उभी असलेली सिगार घेऊ नका. ती अस्सल असली तरी मेलेली असते. दुकानात गेलात की पहिला प्रश्न ब्रँडचा नको, "सिगारी कुठं ठेवता?" हा विचारा. दुकानदार हायग्रोमीटर दाखवत असेल तर पुढं बोला. माझी खरेदी पुण्या-मुंबईच्या दुकानांतून होते, आणि गावातले आम्ही तिघं-चौघं मिळून मागवतो, म्हणजे जाणं-येणं एकाच्याच वाट्याला येतं.

सिगार हातात घेतल्यावर मामांची पद्धत. अंगठा आणि तर्जनी यांत धरून टोकापासून टोकापर्यंत हलकेच दाबत जा. किंचित दबून परत वर आली पाहिजे. मध्येच पोकळ लागली तर तिथं पानं कमी आहेत, वाकडी जळणार. दगडासारखी घट्ट गाठ लागली तर ओढ लागणार नाही. कुरकुरली तर वाळली आहे. रॅपरवर जाड शिरा कमी, रंग एकसारखा, टोपी सफाईनं बसलेली. पेटवायच्या टोकाकडून बघितलं तर दुमडलेल्या पानांच्या घड्या दिसल्या पाहिजेत, चुरा नाही. दाबताना जोर लावू नका, ती अजून दुकानदाराची आहे.

पहिल्यांदा कुठली घ्यावी? डोमिनिकन रिपब्लिकची, फिक्या कनेक्टिकट रॅपरची, कोरोना किंवा त्याहून छोटी. निकाराग्वातल्या एस्तेलीकडच्या सिगारी मिरमिरीत असतात, त्या नंतर. क्यूबाच्या पिनार देल रिओ भागातल्या पानाचं नाव जगात सर्वांत मोठं आहे, पण पहिल्या पाच सिगारींत तुम्हाला त्यातलं काही कळणार नाही आणि पैसे जातील. एकाच प्रकारच्या पाच घ्या, दोन-दोन महिन्यांच्या अंतरानं ओढा, वहीत तारीख आणि चार शब्द लिहा. पाच वेगवेगळ्या घेतल्या तर हाताशी काहीच लागत नाही.

कायदेशीर आयात झालेल्या मालाची खूण वेष्टनावरच असते. आपल्या देशात तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्रासह आरोग्याचा इशारा लागतो. शिवाय आयातदाराचं नाव-पत्ता, आयातीचा महिना-वर्ष आणि कमाल किंमत. सुंदर, कोरी, इशारा नसलेली पेटी कुणी "खास तुमच्यासाठी" दाखवली, तर ती एक तर चोरट्या मार्गानं आलेली असते किंवा खोटी. परदेशातून येणारं कुणी ओळखीचं असेल तर सामानाच्या नियमांत प्रौढ प्रवाशाला २५ सिगार शुल्काविना आणता येतात, मग सिगरेट किंवा सुटी तंबाखू त्याच्या जोडीला नाही. नियम बदलत असतात, निघण्याआधी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर एकदा वाचून घ्यायला सांगा.

सर्वांत जास्त खोट्या होतात त्या क्यूबाच्या, आणि त्यातही कोहीबा. हा ब्रँड १९६६चा. क्यूबाच्या सगळ्या सिगारी जगात विकते ती आबानोस एस. ए. ही कंपनी. पेटीच्या डाव्या बाजूला हिरवट-पांढरं सरकारी हमीचं सील असतं, ही सीलची पद्धत १८८९ पासूनची. आताच्या सीलवर होलोग्राम आणि बारकोड असतो, आणि तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पेटी उलटी करा. तळाला 'एचो एन कूबा' आणि 'तोतालमेंते आ मानो', म्हणजे संपूर्ण हातानं वळलेली, हे शब्द लाकडात डागलेले असतात, नखाला खोलगट लागतात. शेजारी शाईचा शिक्का: कारखान्याचं सांकेतिक नाव आणि महिना-वर्ष. महिना स्पॅनिशमधला. तिथं जानेवारीला एनेरो म्हणतात आणि ऑगस्टला आगोस्तो. शिक्क्यावर इंग्रजी 'जॅन' दिसला की पेटी खाली ठेवा. आतल्या सिगारींचा रंग एका घाण्यातल्या गुळासारखा जुळता हवा, सिगारींवरच्या कागदी पट्ट्या एका ओळीत आणि एकाच उंचीवर.

एक गोंधळ आधीच सांगून ठेवतो. अमेरिकेनं १९६२ पासून क्यूबाच्या मालावर बंदी घातली, त्यामुळे कोहीबा, मॉन्टेक्रिस्टो, रोमिओ इ हुलिएता या नावांच्या सिगारी तिथल्या बाजारासाठी दुसऱ्या कंपन्या डोमिनिकन रिपब्लिक वगैरे देशांत बनवतात. त्या खोट्या नाहीत. त्या वेगळ्या आहेत, आणि क्यूबाच्या म्हणून विकल्या तरच फसवणूक.

काचेच्या झाकणाची पेटी मात्र सरळ नकली समजा. आमच्या गल्लीतले एक काका परदेश सहलीहून तशीच 'कोहीबा' घेऊन आले. समुद्रकिनाऱ्यावर कुणीतरी "माझा भाऊ कारखान्यात आहे" म्हणून निम्म्या भावात दिलेली. जगभर हीच गोष्ट सांगून विकतात. काकांच्या परवानगीनं मी त्यातली एक ब्लेडनं उभी चिरली आणि शेजारी माझ्याकडची एक अस्सल चिरली. अस्सल सिगार पुस्तकासारखी उघडली, चार पानं टोकापर्यंत एकावर एक, मधली शीर काढलेली, वासाला वाळल्या गवतासारखी गोड. काकांच्या सिगारमधून कागदावर चुरा सांडला, त्यात बोटाच्या पेराएवढा देठाचा तुकडा निघाला. काका बराच वेळ त्या देठाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोरा, उरलेल्या तू टाकून दे, घरात नको."

घरी आणलेली सिगार, कितीही मोह झाला तरी, तीन आठवडे डब्यात विश्रांती घेऊ दे. प्रवासात वाळलेली असेल तर दोन महिने. घाईनं ओलं केलं तर पोट फुगतं आणि रॅपर फाटतं.

कापणं

आपल्या घरात सुपारीचा अडकित्ता असतो, आणि पहिल्यांदा कापायची वेळ आली की हात तिकडे जातो. अडकित्त्याचं पातं एकाच बाजूनं येतं आणि खाली बोथट आधार असतो. सुपारी कडक म्हणून ती तुटते; सिगार मऊ म्हणून ती चेपते. एका पात्याचे स्वस्त सिगार-कटरही हेच करतात. दोन पाती दोन्ही बाजूंनी एकदम येणारा गिलोटिन कटर घ्या. दातानं तोडणं फक्त पडद्यावर.

सिगार डोळ्यांच्या उंचीवर आडवी धरा. बंद टोक गोलाकार उतरत येतं आणि मग अंग सरळ होतं. त्या वळणाला खांदा म्हणतात. टोपीची रेघ खांद्याच्या खाली, बारीक कडेसारखी दिसते. कापायचं खांद्याच्या वर, दीड-दोन मिलिमीटर, टोपीच्या रेघेला न शिवता. रेघेखाली पातं गेलं की टोपी सुटते आणि ओढता-ओढता रॅपर साडीच्या निऱ्यांसारखं उलगडत जातं. हात थरथरत असेल तर कटर टेबलावर आडवा ठेवा, सिगारचं डोकं त्याच्या भोकात टेबलाला टेकेल असं उभं धरा आणि एका दमात मिटा. कटरच्या जाडीमुळे बरोबर तेवढंच डोकं कापलं जातं. हळूहळू दाबलं तर पान चेपून फाटतं, म्हणून निर्धारानं एकदाच.

कापल्यावर न पेटवता ओढून बघा. हवा सहज यायला हवी, पण उसाचा रस नळीनं ओढताना लागते तेवढी ओढ असावी. घट्ट वाटली तर आणखी अर्धा मिलिमीटर कापा. जास्त कापलेलं परत येत नाही, म्हणून सुरुवात नेहमी कमी.

टोकदार डोक्याच्या सिगारला, जिला टॉर्पेडो म्हणतात, टोकाचं थोडंच उडवायचं. पंच हे दुसरं हत्यार, गोल धारेनं टोपीत भोक पाडणारं. जाड, गोल डोक्याच्या सिगारला ते छान चालतं, टोकदारला अजिबात नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या मित्रानं लेथवर नऊ मिलिमीटरचा स्टीलचा पंच करून दिला. धार लावलेली आतून, म्हणून पान दबत नाही, कापलं जातं. विकतच्या दोन पंचांपेक्षा तो चांगला चालतो. कटर वापरून झाला की कोरड्या फडक्यानं पुसा. पात्यावर तंबाखूचा चिकट राप बसला की पुढच्या वेळी टोपी फाटते.

एप्रिलमध्ये कापताना रॅपर तडकलं, तर दोष कटरचा नसतो. डब्याकडे जा आणि हायग्रोमीटर बघा.

पेटवणं

लायटर गॅसचा, पेट्रोलचा नको, वास राहतो. लाकडी काडी चालेल, पण गंधक जळून जाऊ दे. ज्योत टोकाला न लावता खाली धरा आणि सिगार फिरवत कडा आधी शेकून घ्या, पापड भाजताना फिरवतो तशी. कडेनं सगळीकडे लाल झाली की मग पहिली ओढ. मिनिटाला एक, त्याहून जास्त नाही, धूर तोंडातच. भराभर ओढली तर ती तापते आणि कडवट होते.

रिकाम्या पोटी कधीही नाही. मध्येच हातपाय गार पडले, घाम फुटला, मळमळलं, तर ते निकोटीन आहे. लगेच खाली ठेवा, गार हवेत बसा, गुळाचा खडा तोंडात टाका आणि वर पाणी प्या. उरलेली सिगार रक्षापात्रात चुरगाळू नका, तशीच ठेवा, आपोआप विझते. ती परत डब्यात मात्र ठेवायची नाही, तिचा जळका वास बाकीच्या सगळ्या सिगारींना लागतो.